कमिन्स १२ व्हॉल्व्हची डॉवेल पिन: गाडी चांगली चालतेय तरी काम आत्ताच करून घ्यावं का?

टेक्सासकर_डिझेल
नमस्कार मंडळी, मी ह्यूस्टनच्या बाहेर राहतो, नुकतीच १९९६ ची डॉज रॅम २५०० घेतलीय सेकंडहँड, ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन, १२ व्हॉल्व्हचं. इंजिन एकदम खणखणीत, पहिल्या स्टार्टला उठतं, फक्त पुढच्या क्रँक सीलपाशी, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याभोवती ऑइल अडवणाऱ्या कड्यापाशी, थोडं ऑइल ओलं दिसतं. आता जो तो मला त्या डॉवेल पिनची भीती घालतोय, म्हणजे ती सुटून टायमिंग गियरमध्ये, व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या दातेरी चाकांत, पडते म्हणे. पण इथला गॅरेजवाला म्हणतो इतक्या वर्षांत नाही पडली तर आता काय पडणार, उगाच उघडू नका. मला ट्रेलर ओढायचाय, लांबचा प्रवास आहे. काय करू? आणि उघडलंच तर अजून काय काय उरकून घेऊ?

पाना_आणि_टॉमी
दादा, उघडाच. गॅरेजवाल्याचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. ही पिन पुढच्या अॅल्युमिनियमच्या गियर केसला ब्लॉकवर जागेवर बसवायला असते, साधी स्टीलची, नुसती दाबून बसवलेली, पुढून तिला अडवायला काहीच नाही. डिझेलच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते. त्यामुळे किती मैल झाले यावर काही ठरत नाही, कुणाची लवकर पडते, कुणाची इंजिन भंगारात जाईपर्यंत पडत नाही. आणि पडायच्या आधी आवाज नाही, धूर नाही, दिवा नाही, कसलीच चाहूल नाही. नशीब असेल तर गियर चुकवून सरळ खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जाते आणि मालकाला पत्तासुद्धा लागत नाही. नसेल तर दोन गियरच्या मध्ये चिरडते, केस फुटते, दात जातात, टायमिंग हललं तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात.

आता खर्चाचं बघा. आत्ता केलंत तर पिन अडवणारी एक पट्टी, एक बोल्ट, एक सील आणि शनिवार-रविवार. फुटल्यावर केस बदलायची तर कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बाहेर काढावा लागतो, आणि या इंजिनात कॅमवर टेकणारे टॅपेट खालून छत्रीसारखे रुंद असतात, म्हणजे रॉकर आणि पुशरॉड काढून वरून लाकडी दांडके घालून टॅपेट उचलून धरायचे मग कॅम ओढायचा, शिवाय फ्युएल पंप उतरवायचा तो वेगळाच. तुमचं सील तसंही गळतंय, म्हणजे डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकावरचं चाक) आणि गियरवरचं कव्हर निघणारच आहे, मग पिन तशीच सोडून कव्हर परत लावणं मला तरी जमणार नाही.

जमशेदपूरचा_मराठी
वरच्या भाऊंशी सहमत. मी टाटाच्या गाड्यांवरचं कमिन्सचं ६बीटी इंजिन बघतो, आमच्याकडे टाटा कमिन्सच्या कारखान्यात बनलेलं, घराणं तेच, ५.९ लिटर सहा सिलिंडर. म्हणून कामाबद्दल चार गोष्टी सांगतो.

कव्हर काढलं की आधी खाली चेंबरकडे जाणारी वाट चिंध्यांनी गच्च बुजवा, एक बोल्ट हातातून निसटला तर दिवसभर चुंबक घालत बसाल. मग कॅम गियरच्या आसपास, केसमध्ये पिनचं भोक दिसेल. बोट फिरवून बघा, पिन केसच्या बरोबरीने किंवा जराशी आत असली पाहिजे, बाहेर आली असेल तर पंच लावून हलक्या हाताने ठोकून आत बसवा. नंतर शेजारचा केस-बोल्ट काढून त्याखाली पट्टी अशी लावायची की तिचं टोक पिनच्या तोंडावर येईल. तयार किट मिळतं त्यात बोल्टसुद्धा येतो. पट्टी गियरला घासत नाही ना हे इंजिन हाताने पूर्ण फिरवून बघा, ही पायरी गाळू नका.

आणि लोक पिन करतात पण केसचे बाकीचे बोल्ट विसरतात! तेही थरथरीने सैल होतात आणि सुटले तर तेवढाच घात करतात. एका वेळी एकच काढा, नाहीतर केस हलून मागचं गास्केट गळायला लागेल, ब्रेक क्लीनरने धुवून सुकवा, निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि १८ फूट-पाउंडाला कसा.

टेक्सासकर_डिझेल
खूप आभार दोघांचे, ठरलं मग, प्रवासाच्या आधी करतो. सील बसवताना ऑइल लावायचं ना? आणि कव्हर काढल्यावर भोक रिकामंच दिसलं तर?

जमशेदपूरचा_मराठी
नाही नाही, ऑइल अजिबात नाही! हे सील कोरडंच बसतं. क्रँकचं तोंड आणि सीलची आतली कड दोन्ही स्वच्छ आणि कोरडी पाहिजेत, तेलाचा हात लागला तरी पुसून घ्या, ओलं बसवलं तर नवीन सीलसुद्धा गळतं. सीलबरोबर प्लास्टिकची रिंग येते तिच्यावरूनच सरकवा. जुन्या सीलने क्रँकवर चर पाडला असेल तर वेअर स्लीव्ह, म्हणजे चर झाकणारं पातळ कडं, घाला. डॅम्परचे चार बोल्ट ९२ फूट-पाउंड.

पाना_आणि_टॉमी
भोक रिकामं असेल तर पिन कुठेतरी आत आहे एवढं नक्की, मग कव्हर लावायची घाई करू नका. आधी गियरचा एकेक दात टॉर्च लावून बघा, केसला आतून-बाहेरून तडा आहे का बघा, मग लवचीक चुंबक चेंबरमध्ये फिरवा. कधीकधी आधीच्या मालकानेही पट्टी लावलेली निघते, तसं असेल तर तो बोल्ट सोडून परत लॉकटाइट लावून कसा. सील कुठल्या गाडीचं घेताय ते मात्र इंजिनच्या प्लेटवरचा नंबर देऊन घ्या, दुकानदार वर्षावरून अंदाजाने देतात.