चर्चा: एलिफ शफाक यांना तुर्की कादंबरीकार म्हणावे का?

पानगळ:
एलिफ शफाक यांचा जन्म १९७१ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचा. आईवडील विभक्त झाल्यावर त्या अंकारात आजीजवळ वाढल्या, पुढे आई परराष्ट्र सेवेत गेल्याने माद्रिदमध्ये शिकल्या, आणि आईचे ‘शफाक’ हे नावच त्यांनी आडनाव म्हणून लावले. आरंभीच्या कादंबऱ्या तुर्कीत लिहिल्यावर २००४ साली त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी आली आणि तेव्हापासून त्या मुख्यतः इंग्रजीतच लिहितात. मूळ वाक्य ज्या भाषेत घडते तीच लेखकाची भाषा, असे माझे मत आहे. इस्तंबूलमधल्या एका वेश्येवरची त्यांची कादंबरी २०१९ साली बुकरच्या अंतिम यादीत होती. ते पारितोषिक मूळ इंग्रजी कादंबऱ्यांचे आहे, अनुवादांचे नव्हे.

जुना वाचक:
असहमत. ‘बाबा वे पिच’ (‘बाप आणि अनौरस मूल’) ही त्यांची कादंबरीही इंग्रजीतच लिहिली गेली, पण २००६ साली आधी प्रसिद्ध झाली ती तुर्कीत. तिच्यातली आर्मेनियन पात्रे ऑटोमन राजवटीतल्या १९१५ च्या आर्मेनियन संहाराविषयी जे बोलतात, त्यावरून तुर्की दंडसंहितेच्या कलम ३०१ खाली ‘तुर्कत्वाचा अवमान’ केल्याचा खटला लेखिकेवर गुदरला. सप्टेंबरमध्ये त्या निर्दोष सुटल्या, तेव्हा बाळंत होऊन आठवडाही झाला नव्हता. परभाषेतली पाहुणी म्हणून त्यांना कोणी सोडून दिले नाही.

पानगळ:
साहित्याची वर्गवारी न्यायालयाने करावी, असे आपण म्हणत नसाल अशी आशा आहे. इंग्रजी मूळावरून तुर्की पुस्तक आधी अनुवादक सिद्ध करतो, हे तर लेखिकाच सांगतात.

शब्दवेडा:
अर्धेच सांगितलेत. अनुवाद हाती आल्यावर त्या तो स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून काढतात, आणि माझ्या मते खरा मुद्दा इथेच आहे. १९२८ साली अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली, त्यानंतर तुर्कीतून अरबी-फारसी शब्द वेचून काढण्याची मोहीम चालली, ‘मेक्तेप’ जाऊन शाळेला ‘ओकुल’ आले, ‘शब्द’ या अर्थाच्या ‘केलिमे’च्या शेजारी ‘सोझ्जुक’ बसवला गेला; शफाक मात्र ते जुने शब्द हट्टाने वापरतात आणि त्यासाठी शुद्धिवाद्यांची बोलणी खातात. ‘तारीख’ खोडून ‘दिनांक’ लिहायला शिकलेल्या आपल्याला हे भांडण समजावून सांगायला नको. इतक्या बारकाईने शब्द निवडणाऱ्या बाईंना तुर्की लेखिका म्हणायचे नाही, तर कोणाला म्हणायचे?

पानगळ:
पुनर्लेखनाचा मुद्दा मान्य. तरीही विनोद आणि उपरोध इंग्रजीत सोपा जातो, विषाद तुर्कीत, असे त्या म्हणतात. म्हणजे भाषा बदलली की लेखिकाही थोडी बदलते, आणि जगभर वाचली जाते ती इंग्रजीतली.

जुना वाचक:
किरण नगरकरांनी १९७४ साली ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही मराठी कादंबरी दिली आणि पुढे ते इंग्रजीत गेले, तेव्हा आपल्याकडेही कित्येकांनी नाके मुरडली होती. त्यांना मराठी लेखक म्हणायचे की नाही, ते आधी सांगा. मग शफाक यांच्याकडे वळू.