प्रति: पेन्सिल पॅकिंगचं काम खरं का?

ताई, घरबसल्या पेन्सिल पॅकिंगचं काम देतो म्हणणारे आधी ६५० रुपये नोंदणी फी मागतायत म्हणता, भरू नका. वर एकांनी लिहिलंय, जीएसटी नंबर दिलाय म्हणजे कंपनी खरी. तसं नसतं हो. नंबर कुणाच्याही दुकानाच्या पाटीवरून उचलता येतो. जीएसटी पोर्टलवर टाकून बघा. नाव निघेल भलत्याच हार्डवेअरवाल्याचं, आणि पैसे मागणार तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवर.

घरबसल्या काम आपल्याकडं नवीन आहे का? हुपरीत चांदीकाम घरोघरी चालतं, कोल्हापुरात बायका चपलांच्या वेण्या घालतात. माल व्यापारी देतो, मजुरी नगावर. काम करणारीनंच आधी पैसे भरायचे, ही कुठली रीत?

डेटा एन्ट्रीवाले आणखी बेरके. आधी ऑनलाइन करारावर सही, मग 'अचूकता ९० टक्के नाही' म्हणून दंड, मग व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस, वर अशोकस्तंभ छापलेला! घाबरून एक रुपया देऊ नका. स्क्रीनशॉट तेवढे जपून ठेवा. पैसे गेलेच असतील तर बँकेत हेलपाटे घालायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते.