‘अमेरिकन इडियट’ पुन्हा ऐकला, आणि आमचा राग उसना नव्हता

कोरडवाहू
परवा या फोरमवर एकानं लिहिलं, ‘2004 साली वणी-पांढरकवड्याकडं ग्रीन डे हा अमेरिकन रॉक बँड ऐकणारी पोरं हॉस्टेलात शिकलेली, मोठ्या घरची. त्यांचा राग उसना. आज चाळिशीत त्या बँडचा अमेरिकन इडियट हा अल्बम लावा, पोरकट वाटेल.’ वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

लावला. एकही गाणं न गाळता. पहिलं, अल्बमच्या नावाचं गाणं आता घोषणेसारखं वाटतं, ते सोडून देतो. बुश, इराक, टीव्ही, ते त्यांचं भांडण होतं. पण ‘जीझस ऑफ सबर्बिया’? नऊ मिनिटांचं, पाच तुकड्यांचं गाणं. एक पोरगं गावात अडकलेलं, करायला काही नाही, निघायची सोय नाही. एसटी स्टँडवर संध्याकाळ काढणारे आम्ही वेगळे कुठं होतो? बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग वाढला कॅलिफोर्नियातल्या रोडिओत, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या छोट्या गावात. बाप ट्रक चालवायचा. यात मोठं घर कुठं दिसलं? या अल्बमच्या आधी केलेल्या गाण्यांच्या टेपा चोरीला गेल्या, तेव्हा बँडमधल्या तिघांनी सगळं नव्यानं उभं केलं. दुबार पेरणीच ती. पॉप-पंक, म्हणजे गोड चालीचं बंड, म्हणून हिणवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

पराटी
ते मीच लिहिलं होतं, अन् मांगं घेत नाई. 2005 ले सरकारनं कापसाचा क्विंटलमांगं 500 रुपयाचा बोनस बंद केला. आमच्या घरी सारे चुकाऱ्याची वाट पाहून रायले होते. तवा तुमच्याजवळ सीडी प्लेअर होता भाऊ. गाण्यातली एक ओळ तरी समजत होती काय? राग आमच्या गावातबी होता, पण तो खंजिरीवर होता. तुकडोजी महाराजांच्या भजनानं 1942 ले लोक उठले, चिमूर पेटलं, इंग्रजानं महाराजाले तुरुंगात टाकलं. बंडाचं गाणं घरात असताना तुम्ही कॅलिफोर्नियाले काहून गेले?

कोरडवाहू
सीडी प्लेअर मित्राच्या दुकानातला. एमपीथ्री सीडी बाजाराच्या दिवशी घेतलेली, कव्हरवर भलत्याच बँडचा फोटो. दिवसभर लोडशेडिंग, रात्री लाइन आली की शटर अर्धं ओढून ऐकायचो. ओळी कळत नव्हत्या, बरं. त्यांच्या ड्रमर ट्रे कूलचा ड्रम कळायला डिक्शनरी लागते का? आणि कापूस आमच्याही घरी होता. त्या वर्षी भाव पडल्याचं मला तू सांगू नकोस.

सरकी
खंजिरीचा एवढा पुळका आलाच आहे तर विचारते. आमच्या गावात भजनाला बायका मागं बसायच्या, खंजिरी कधी हातात दिली नाही कोणी. दादा अमरावतीला शिकायला गेला, त्याचा वॉकमन घरी राहिला. तेवढाच माझा होता.

माझे बाबा पोळा झाल्यावर गेले. पराटीला पात्या लागल्या होत्या. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. त्या वर्षी सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, आईनं एकटीनं केलं आणि वेचणीला लागली. पुढं कॅसेट हाती आली, ‘वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स’ ऐकलं. बिली जोचे वडील 1982 च्या सप्टेंबरात कॅन्सरनं गेले, तो दहा वर्षांचा होता, हे मला कितीतरी उशिरा समजलं. पण गाण्यात कोणीतरी गेलंय हे पहिल्याच वेळी समजलं होतं. याला पोरकट म्हणणाऱ्यानं जरा तोंड सांभाळावं.

जलसा
खंजिरी म्हणजेच गावाचं बंड, हे ठरवलं कोणी? आमच्या वस्तीत आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांची गाणी चालायची. वामनदादा गेले तेही 2004 मध्येच, मे महिन्यात. त्या वर्षीच्या हिशेबात त्यांचं नाव कोणालाच आठवलं नाही. एकजण कॅलिफोर्नियात, दुसरा तुकडोजींच्या मोझरीत.

पराटी
भजनात जात आणू नका. महाराजानं ग्रामगीतेत भेदाभेदावरच तर लिहिलं हाय. वाचली काय कधी?

जलसा
वाचली. पाठ आहे अर्धी. ग्रामगीतेबद्दल माझी तक्रारच नाही. तक्रार तुमच्या पाराची आहे. पारावर ती वाचणारे आमच्या वस्तीतली गाणी ऐकायला एकदा तरी आले? आंबेडकर जयंतीला स्पीकरचा आवाज कमी करा म्हणून सांगायला मात्र यायचे.

पराटी
आमच्या गावात असं झालं नाई.

जलसा
तुमच्या गावात झालं नाही की तुम्ही पाहिलं नाही?

कोरडवाहू
जलसाभाऊंचं खरं आहे. आमच्या गावात व्हायचं. मी पाहिलंय.

पराटी
झालं? दोघं मिळून धरा आता मले. सरकीताई, तुमच्या गाण्याबद्दल मी बोललो नव्हतो. ते गाणं चांगलं असंल, मानलं. बाकी अल्बम पोरकटच.

कोरडवाहू
बाकी म्हणजे काय? ‘होमकमिंग’ ऐकलंस? शेवटून दुसरं. तेही नऊ मिनिटांचं, पाच तुकड्यांचं. शहरात जाऊन हरलेलं पोरगं घरी परत येतं. पुण्याहून परत आलेली किती पोरं आहेत आपल्या तालुक्यात? विसाव्या वर्षी मी हे गाणं पुढं ढकलायचो. आता तेच सगळ्यात जास्त लागतं. अल्बम ऐकल्याशिवाय पोरकट म्हणू नको.

पराटी
नऊ मिनिटं हाय ना? ऐकतो. पटलं नाई तर इथंच येऊन लिहीन.

जलसा
लिहा. पण आधी स्पीकरचं उत्तर द्या. ते अजून आलं नाही.