‘बेचिराख’ म्हणजे जळालेलं गाव?

शाईचा_डाग:
जरा मदत करा. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचं गाव होतं, त्याच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. मध्ययुगात नांदतं गाव, १५०० च्या सुमारास रिकामं झालं. आता गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे आणि बिनछपराचं एक चर्च, एवढंच उरलंय. अशी गावं तिकडे हजारोंनी आहेत आणि त्यांना ‘डेझर्टेड मेडिव्हल व्हिलेज’ म्हणतात. मी सरळ ‘बेचिराख गाव’ लिहिलं. आजोबा तलाठी होते, त्यांच्या तोंडी हाच शब्द असायचा. संपादकांनी लाल खूण करून परत पाठवलं: ‘गाव जळालं नव्हतं ना? मग राख कुठून आली?’
शिवाय ‘टॉफ्ट’ आणि ‘क्रॉफ्ट’ पण अडलेत. टॉफ्ट म्हणजे घर उभं असतं तो तुकडा, क्रॉफ्ट म्हणजे त्यामागची लांबट जमीन.

सातबारा:
आजोबा बरोबर, संपादक चूक. बे + चिराग. जिथे दिवा लागत नाही ते गाव. राखेचा काही संबंध नाही. महसुलाच्या कागदात बेचिराख गावाचं नाव असतं, शिव असते, सर्व्हे नंबर असतात, फक्त वस्ती नसते. तुमच्या पर्सीला शंभर टक्के लागू.

खडीसाखर:
व्युत्पत्ती ठीक आहे हो, पण आज वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे काय येतं? ‘बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख’ हेच ना? शब्दाचा अर्थ लोक ठरवतात, तलाठी नाही.

सातबारा:
मग उद्या ‘बेजबाबदार’ म्हणजे दोन जबाबदार असंही लोकांनी ठरवलं तर मान्य कराल?

मोरपीस:
मुळात फारसी शब्द हवाच कशाला? ‘निर्दीप ग्राम’. अर्थ तोच, भाषा आपली.

खडीसाखर:
निर्दीप ग्राम 😀 लोडशेडिंगवरचा लेख वाटेल.

वऱ्हाडी_ठेचा:
आमच्याकडे ‘रीठ’ म्हणतात. रिठी गाव. लहानपणी वाटायचं की रिठ्याची झाडं असतील म्हणून. एकही नव्हतं. माझा अंदाज असा की रिक्त → रिता → रीठ.

सातबारा:
‘ता’चा ‘ठ’ कसा झाला ते सांगा आधी.

लीड्सकर:
मी व्हॅरमला दोनदा जाऊन आलोय. गाडी वर लावून उतार चालत जावं लागतं. पहिल्या खेपेला भर दुपारी गेलो, नुसतं हिरवं कुरण दिसलं. दुसऱ्यांदा संध्याकाळी. उन्हं तिरपी झाली तशा गवतातून भिंतींच्या रेघा वर आल्या. हे घर, ही बोळ, हा खालून गेलेला रस्ता. चर्चचा मनोरा उभा कापल्यासारखा अर्धाच उभा आहे. बाकीचा १९५९ मध्ये कोसळला. शेजारी तळं. आणि सगळीकडे गुरं चरतायत.
‘लुप्त’ किंवा ‘हरवलेलं’ मात्र लिहू नका, ताई. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्डच्या १९५४ च्या पुस्तकाच्या नावात ‘लॉस्ट’ आहे, तिथून ते रूढ झालं. पण गाव उठल्यावरही शेजारच्या वस्तीचे लोक कित्येक पिढ्या त्याच चर्चमध्ये येत होते. मग हरवलं कुणाचं?

खडीसाखर:
हे प्लेगनं ओस पडलं ना?

लीड्सकर:
सगळ्यांना तसंच वाटतं. १३४९ च्या साथीत माणसं गेली, पण गाव त्यानंतरही दीडेकशे वर्षं होतं. पुढे लोकरीत पैसा दिसायला लागला. नांगराला माणसं लागतात, मेंढरांना एक मेंढपाळ पुरतो. शेवटी उरलेल्या चार कुटुंबांना तिथला जमीनदार बॅरन हिल्टननं काढलं. बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात तिथे खणलं, तेव्हा हे हळूहळू उलगडलं.

पांढरीवाली:
मी पुरातत्त्व शिकलेय म्हणून तोंड घालते. आपल्याकडे वस्तीच्या जागेला ‘पांढर’ आणि शेतीला ‘काळी’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, मातीच्या भिंती मिसळून माती पांढुरकी होते. ‘जुनी पांढर’ लिहा. तिथली जमीनही खडूच्या दगडाची, म्हणजे शब्दशः पांढरी.

सातबारा:
पांढर ही जागा झाली. ती ओस आहे हे त्यात कुठे आलं? आमची पांढर भरलेली आहे, पार्किंगला जागा नाही.

लीड्सकर:
राखेवरून आठवलं. २०१७ मध्ये तिथल्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदान दहा माणसांची १३७ हाडं, अकराव्या ते चौदाव्या शतकातली, आणि तीही दफनभूमीत नाहीत, घरांच्या मधल्या खड्ड्यांत. त्यांवर सुरीचे घाव आणि जाळल्याच्या खुणा. मेलेला उठून परत येऊ नये म्हणून मढ्याचे तुकडे करून जाळले असावेत, असं अभ्यासकांना सर्वांत संभवनीय वाटतं. दात तपासले तर माणसं तिथलीच निघाली, परकी नव्हेत.

खडीसाखर:
म्हणजे थोडी राख होतीच. संपादकांना कळवा.

मोरपीस:
भुताखेतांवर जाऊ नका. विषय शब्दांचा आहे.

भीमथडी:
आमचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. आजी कधी ‘ओसाड’, ‘बेचिराख’ म्हणाली नाही. ‘गाव उठलं’ म्हणायची. आणि चिडली की ‘उठवलं’. पाणी उतरलं की वडील कोरड्या गाळात नेऊन दाखवायचे, इथे चूल, इथे गोठा. मला नुसते दगड दिसायचे. या हिल्टननं माणसं काढली असतील तर ‘उठवलेलं गाव’ लिहा की.

शाईचा_डाग:
हे फार आवडलं. पण तिथल्या सगळ्याच गावांना नाही चालणार. काही आपोआप ओस पडली, काहींची माणसं एकेक करून दुसरीकडे गेली.

सातबारा:
म्हणूनच बेचिराख. दिवा कुणी विझवला ते तो शब्द सांगत नाही.

भीमथडी:
तीच तर माझी तक्रार आहे.

वऱ्हाडी_ठेचा:
टॉफ्ट-क्रॉफ्टचं राहिलंच. क्रॉफ्ट म्हणजे वाडी.

पांढरीवाली:
वाडी म्हटलं की छोटी वस्ती वाटते. ‘परडं’. टॉफ्टला ‘घरठाण’ चालेल.

खडीसाखर:
परडं एवढं मोठं नसतं. परड्यात आळू नि दोन केळी.

वऱ्हाडी_ठेचा:
तुमच्या कोकणात नसेल.

शाईचा_डाग:
अंक उद्या छपाईला जातोय. संपादकांनी परस्पर ‘ओसाड’ केलंय. आता विचारतायत की शेतातल्या जुन्या नांगरटीच्या उंचसखल पट्ट्यांना ‘सरी-वरंबा’ लिहिलं तर चालेल का.

सातबारा:
अजिबात नाही! सरी-वरंबा पाणी द्यायला असतो. तिथे पाऊसच पाऊस, पट्टे पाण्याचा निचरा व्हायला. आणि रुंदीही कित्येक पट.

वऱ्हाडी_ठेचा:
आमच्याकडे निचऱ्यालाही करतात. सोयाबीन बघा.