आई-बाबांचा कुत्रा सोबत घेऊन अस्थिविसर्जनाला, वर्षश्राद्धाला जाताना: अनुभव धागा

वडील किंवा आई गेली की त्यांच्याच हातून जेवणारा कुत्रा घरात मागे राहतो. घरचे सगळे नाशिकला किंवा गावी निघतात तेव्हा त्याला बोर्डिंगात टाकणं अनेकांच्या जिवावर येतं. ज्यांनी त्याला गाडीने सोबत नेलं आहे त्यांनी इथे लिहावं. रस्ता, वेळा, मापं, काय बिघडतं आणि का, हे नेमकं द्या. निघायची तारीख ठरलेल्या घराला त्याचाच उपयोग होईल.

पुणे

पुणे-नाशिक साधारण २१० किलोमीटर. खरा वेळ चाकणला जातो, म्हणून पहाटे पाचच्या आत शहर सोडा. निघण्याआधी तीन-चार तास खाणं बंद ठेवा, पाणी चालू राहू द्या. दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटं थांबा.

मंचर, नारायणगाव, आळेफाटा ते संगमनेर हा बिबट्यांचा पट्टा आहे. अंधारात किंवा तिन्हीसांजेला उसाच्या कडेला कुत्र्याला उतरवू नका, मग तो लॅब्रॅडॉर असो वा अल्सेशियन. पेट्रोलपंपाच्या उजेडात, दीड मीटरच्या पट्ट्यावरच फिरवा. लांबणारी दोरी नको, कारण पंपावरची मोकाट कुत्री अंगावर आली तर ती वेळेत आवरता येत नाही.

सीटबेल्ट गळपट्ट्यात अडकवू नका, ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर येतो. छातीचा हार्नेस घाला आणि बेल्ट पाठीवरच्या कडीत लावा. जागा मागच्या सीटवरच, पुढे एअरबॅगचा धोका आहे. सीटवर आधी प्लास्टिक, त्यावर चादर आणि वर गेलेल्या माणसाचा न धुतलेला सदरा किंवा साडी. ओळखीच्या वासाने कुत्रा लवकर बसतो, येरझारा कमी होतात.

पंचवटी, नाशिक

कुत्र्यासाठी एक माणूस वेगळा हवाच, आणि तो विधीला बसणारा नको. रामकुंडावर गर्दी असते, पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात. नुसतं अस्थिविसर्जन लवकर आटोपतं, दशक्रिया असेल तर दोन-तीन तास हाताशी ठेवा. काकस्पर्शाच्या वेळी कुत्रा नजरेच्या टप्प्यातही नको. तो भुंकला की कावळे उठतात आणि घरची माणसं ताटकळतात. घाटावर पडलेले पिंड तो हुंगत जातो. भात-तिळाचं फारसं काही नाही, पण त्यासोबत दर्भ, दोरे आणि नाणी पोटात जातात.

अस्थींना वास असतो. कलशाचं तोंड कापडाने बांधून तो झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा डिकीत घट्ट बसवा. कुत्र्याच्या सीटजवळ नको.

द्राक्षांबद्दल बाहेरगावच्यांना सांगावंच लागतं. हंगामात इथे रस्तोरस्ती द्राक्षं असतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि अमुक इतकी चालतात असं सुरक्षित प्रमाण नाही. खिरीतले बेदाणेही त्यात आले. खाल्लं असेल तर उलटीची वाट पाहू नका, पहिल्या दोन तासांत डॉक्टर गाठा.

पशुवैद्यकीय दवाखान्यातून

सुतकात घरात मांसाहार बंद होतो आणि कुत्र्यालाही एकदम दूध-भातावर आणलं जातं. मग प्रवासात जुलाब. त्याचं नेहमीचं खाणं मोजून पुड्यांत बांधून न्या. धर्मशाळेत अंडं-कोंबडी चालत नसेल तर आठवडाभर आधीपासून थोडं थोडं बदला.

बंद गाडीत ठेवू नका. बाहेर ३० अंश असताना आतलं तापमान दहा मिनिटांत ४० च्या आसपास जातं, काच दोन बोटं उघडी ठेवली तरी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं, धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, तर सावलीत घेऊन पोट, जांघा, पंजे साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. पग, बुलडॉग यांना हे फार लवकर होतं.

माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. गाडी लागत असेल तर उलटीचं औषध वजनावर ठरतं, ते आधीच लिहून घ्या. मालक गेल्यावर काही कुत्री कमी खातात, पण पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तर प्रवास पुढे ढकलून तपासून घ्या.

नागपूर

समृद्धी महामार्गावर कडेला उतरवणं धोक्याचं. थांबे दूर दूर आहेत, म्हणून पाणी दुप्पट न्या. दुपारच्या काँक्रीटवर तळहात पाच-सात सेकंद टेकवून पाहा. चटका बसला तर त्याचे पंजेही भाजतील.

गुहागर

वर्षश्राद्धाला कोकणात आणणार असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) लस आधी. पहिल्यांदाच देत असाल तर दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवडे, म्हणजे महिनाभर आधीच सुरुवात हवी. गोचिडांसाठी मानेवर सोडायचं औषध निघण्याच्या दोन दिवस आधी लावा, त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन दिवस आंघोळ नको. परतल्यावर कान, काखा, बोटांमधल्या फटी बघा. गोचीड चिमट्याने सरळ ओढायची, रॉकेल लावायचं नाही.

कुंभार्ली घाटाआधी पोट रिकामं हवं, वळणांवर ओकारी ठरलेली. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडीतच बसवा, काच अर्धी खाली घ्या आणि शेजारी माणूस बसू द्या. चिऱ्यांच्या गडग्यांत (दगडी कुंपणांत) त्याला नाक खुपसू देऊ नका, तिथे फुरसं हा विषारी साप असतो. चावलंच तर बांधू नका, कापू नका, उचलून गाडीत घाला.

वाई

श्राद्धात कुत्र्याचा घास वेगळा काढतात. तो घरच्याच कुत्र्याला देणार असाल तर साधा भात आणि वरण एवढंच वाढा. वडे, खीर नको. पत्रावळीवर देऊ नका, ताटलीत काढा. टाचलेल्या काड्या घशात अडकतात.