'ओरिजिनल'चा शिक्का नेमका कशाचा?

कौलारू (दापोली)

पाऊस धरला की संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पडायचं काही कारण उरत नाही, आणि मग विचारणा सुरू होते: नेटफ्लिक्सचं कुठलं ओरिजिनल बघू? माझं मत स्पष्ट आहे. त्या शिक्क्याकडे बघून निवड करू नका.

'ओरिजिनल' म्हणजे 'आम्ही बनवलं' असं लोक धरून चालतात. बऱ्याचदा त्याचा अर्थ 'फक्त इथेच दिसेल' एवढाच असतो. 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन दुसऱ्या कंपन्यांनी बनवला, नेटफ्लिक्सने नंतर विकत घेतला. चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' २०२० साली व्हेनिसमध्ये पटकथेचं पारितोषिक घेऊन आला आणि ३० एप्रिल २०२१ ला इथे लागला. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा'सुद्धा चित्रीकरण झाल्यावर घेतलेला. ज्यांच्या जोरावर शिक्क्याची इभ्रत आहे, त्यांतली ही तीन मोठी नावं दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेली आहेत.

सांगून करून घेतलेल्या मालिकांत एक दोष पुन्हा पुन्हा दिसतो: दोन तासांचा ऐवज आठ भागांत ताणलेला. पहिला भाग घट्ट, तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत पाणी, सातव्यात धावाधाव, आणि शेवट पुढच्या सीझनच्या नावावर उधार. 'सेक्रेड गेम्स'चा दुसरा सीझन १५ ऑगस्ट २०१९ ला आला आणि ऐन बॉम्बपाशी प्रेक्षकाला सोडून गेला. तिसरा आलाच नाही.

सड्यावरची (देवगड)

साफ चूक. विकत घेणं हे काही काम नाही का? ख्याल गाणाऱ्या, आयुष्यभर धडपडून मागेच राहिलेल्या माणसावरचा दोन तासांचा मराठी सिनेमा आपल्याकडे कोण लावणार होतं? आपल्या भागात थिएटरं मोजकी, आणि मराठी सिनेमाला मिळालाच तर अडनिड्या वेळचा एखादा खेळ. 'द डिसायपल' दादरला ज्या दिवशी दिसला त्याच दिवशी देवगडला दिसला. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि सगळंच तयार माल घेऊन केलेलं नाही. मार्टिन स्कोर्सेसीच्या 'द आयरिशमन'मधून पॅरामाउंट स्टुडिओने हात काढून घेतल्यावर पैसे नेटफ्लिक्सने लावले. २०९ मिनिटांचा, म्हाताऱ्या नटांना संगणकाने तरुण करणारा खर्चिक सिनेमा कुठल्या स्टुडिओने आनंदाने उचलला असता?

'सेक्रेड गेम्स'बद्दलही तुम्ही अर्धंच सांगताय. जितेंद्र जोशींचा काटेकर आठवा. हिंदी पडद्यावरचा मराठी हवालदार म्हणजे तोंडात पान आणि मोडकं हिंदी, एवढीच त्याची ओळख असायची. काटेकरला घर आहे, बायको आहे, नोकरीचा कंटाळा आहे, आणि तो मराठीत मराठी माणसासारखा बोलतो. शेवट फसला म्हणून काटेकर खोटा ठरत नाही.

खाडीपलीकडे (जयगड)

'रटाळ आहे' म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांची खरी तक्रार 'ऐकू येत नाही, दिसत नाही' ही असते. त्याची कारणं ठरलेली आहेत.

आधी आवाज. नेटफ्लिक्सच्या नियमाप्रमाणे संवादांची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) ठेवायची, फार तर २ इकडेतिकडे. स्फोट, गोळीबार, ढोल मात्र उणे २ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे कुजबुज आणि धमाका यांत मोठी दरी. बंद, शांत खोलीत तीच मजा. आपल्याकडे पत्र्यावर आषाढातली सर कोसळत असताना संवाद तिच्याखाली बुडतात. आवाज वाढवला की पुढच्याच गोळीला घर दणाणतं. त्यात ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठी वाटलेला ट्रॅक टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरवर वाजत असेल तर आणखी वाईट, कारण संवाद असतात मधल्या चॅनेलवर, आणि तो चॅनेल दोन बाजूंत वाटताना संगीताखाली दबतो.

उपाय: भाग सुरू करा, 'ऑडिओ आणि सबटायटल्स' उघडा आणि त्याच भाषेचा ५.१ न लिहिलेला पर्याय असेल तर तो घ्या. मग टीव्हीच्या साउंड मेनूत 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'नाइट मोड' चालू करा. नावं कंपनीगणिक बदलतात. एवढ्यावर भागलं नाही तर साधा साउंडबार, पण मधला वेगळा स्पीकर असलेलाच.

आता अंधार. 'पॉवर सेव्हिंग' चालू असेल तर टीव्ही स्वतःच उजेड उतरवतो. ते आधी बंद. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' नको, 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. स्वस्त टीव्हीवर एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) असं नुसतं लिहिलेलं असतं, पडद्यात तेवढा उजेड नसतो. मग रात्रीचे प्रसंग डांबरासारखे दिसतात. आणि नेट मंद झालं की काळ्या भागात चौकोनी डाग पडतात, कारण चित्र दाबताना पहिली काटछाट अंधाऱ्या भागातच होते. एचडीला ५ एमबीपीएस आणि ४के ला १५ लागतात. घरभर वायफाय असलं तरी जाड चिऱ्याच्या भिंतीमागे तेवढं पोचत नाही. राउटर माजघरात आणा किंवा टीव्हीला लॅनची केबल जोडा.

पडवीतला (वेंगुर्ला)

हे सगळं फायबर आणि मोठा टीव्ही असणाऱ्यांसाठी झालं. वाडीवाडीवर लोक १४९ रुपयांच्या मोबाइल प्लॅनवर बघतात. त्यात चित्र ४८०पीच, आणि टीव्हीवर लावता येत नाही. ४के कॅमेऱ्याने शूट करायची सक्ती करणारी कंपनी पाच-सहा इंचांच्या पडद्यावर जाळीदार चित्र देते, आणि वर तुम्ही तिचं छायाचित्रण वाखाणायचं?

प्लॅन महागातला घेतला तरी फोन अडवू शकतो. ॲपमध्ये 'ॲप सेटिंग्ज', त्यात 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन' बघा. तिथे वाइडवाइन (चोरून नक्कल होऊ नये म्हणूनचं कुलूप) एल३, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीचं, लिहिलं असेल तर एचडी येणार नाही, कितीही पैसे भरा. डेटासाठी 'सेव्ह डेटा' ठेवा, १ जीबीत सहा तासांपर्यंत जातं; 'मॅक्सिमम'वर १ जीबी वीस मिनिटांतसुद्धा उडतो. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर थोडाच वेळ तग धरतो, म्हणून वायफाय मिळेल तिथे आधीच उतरवून ठेवा. काही डाउनलोड एकदा सुरू केले की ४८ तासांत संपतात, तेव्हा पहिला भाग उगाच उघडून बघू नका.

म्हणून मी कौलारूंच्या बाजूने. इतकी खटपट करून बघायचं, तर त्यात पाणी नको.

तिरफळ (कुडाळ)

तुमचा सगळ्यांचा वाचलंय. पण ह्या इतक्या ओरिजिनलांत आमची बोली खय आसा? 'पिकासो' बगलात काय? नेटफ्लिक्सचो न्हय, प्राइमवर १९ मार्च २०२१ क इलो. जेमतेम सव्वा तासाचो. दशावतारी बापूस आनी चित्रां काढणारो झिल. तोंडार रंग लावतानाचो बापूस, पेटी, पखवाज, झांज, सगळा खराखुरा. आठ भाग लागाक नाय. मालवणी अख्ख्या म्हाराष्ट्राक समाजता ह्या 'वस्त्रहरण' नाटकान कधीच दाखवल्यान. मगे पडद्यावरच्या कोकण्यान पुण्याची भाषा कित्याक बोलूची?

कौलारू (दापोली)

तिरफळ, हाच माझा मुद्दा. आटोपशीर, स्वतःच्या मातीतलं काम हवं. बोलीची अडचण सबटायटलपाशीही आहे. एका ओळीत ४२ अक्षरं, दोनच ओळी, जास्तीत जास्त ७ सेकंद, ही नेटफ्लिक्सची चौकट. मालवणी माणूस एका दमात तीन टोमणे मारतो, त्यातला एकच खाली बसतो. मग लेखक आधीच संवाद गुळगुळीत करून ठेवतो. हे उलटं झालं. टोमणा खालच्या ओळीत कापला जाऊ दे, नटाच्या तोंडातला राहू दे.

बाकी मालिका तपासायला एक सोपी रीत: पहिला भाग बघा, मग थेट चौथ्याची वीस मिनिटं. मधलं न बघता सगळं कळलं तर सोडून द्या.

सड्यावरची (देवगड)

बोलीबद्दल शंभर टक्के सहमत. रीतीबद्दल अजिबात नाही. 'दिल्ली क्राइम' एका तपासाला सात भाग देते आणि कुठे सैल पडत नाही. दोष भागांच्या संख्येत नसून लिखाणात असतो. आणि 'काय घडलं ते कळलं' हीच कसोटी लावली तर 'द डिसायपल' वीस मिनिटांत नापास होईल.

त्यातला एकच प्रसंग घ्या. रात्रीची मुंबई, रिकामा पूल, गाणं शिकणारा नायक शरद मोटरसायकलवर, गती संथ केलेली. कानात माईंचं, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंचं, जुनं ध्वनिमुद्रण, सुमित्रा भावेंच्या आवाजात, आणि खाली तानपुरा. घडत काहीच नाही. फोनच्या स्पीकरवर तानपुऱ्याचा खर्ज उमटतच नाही, म्हणून तो प्रसंग रिकामा वाटतो. अधूनमधून तो पूल पुन्हा येतो, आणि दर वेळी माईंच्या बोलण्याला शरद थोडा कमी पुरा पडताना दिसतो. कौलारू, तुमच्या रीतीत हा पूल कुठे बसतो ते सांगा. आणि बघाल तेव्हा हेडफोन लावून बघा, पाऊस थांबायची वाट न बघता.