बाहेरून बांधलेला वायफाय ड्रायव्हर कामाच्या मशीनवर ठेवूच नये

सेलूकर

सेलू तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, हेच काम. दोन जुने संगणक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ यांच्यावर चढत नाही. म्हणून दिवाळीत दोन्हींवर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. मशीन छान पळतात. रडवलं ते वायफायच्या डोंगलनं, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या अडॅप्टरनं.

परभणीत साडेतीनशेला घेतला, आत ८८२१सीयू चिप. पहिल्यांदा लावला तर सीडी ड्राइव्ह म्हणून दिसला, कारण त्याच्या पोटातच विंडोजचा ड्रायव्हर (डोंगल चालवणारा प्रोग्राम) भरलेला असतो. ते मोडस्विच या प्रोग्रामनं सुटलं, तो सीडीचं सोंग उतरवतो. मग दर दहा-पंधरा मिनिटांनी नेट तुटायला लागलं. व्हिडिओ बघून ड्रायव्हरचा सोर्स (मूळ कोड) उतरवला, 'मेक' मारून स्वतः बांधला आणि बसवला. काही दिवस बरं चाललं. मागच्या सोमवारी अपडेटमध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.८ चा ६.१४ झाला आणि वायफायचं चिन्हच गायब.

ओट्यावर नऊ माणसं बसलेली. वालूरहून आलेल्या एका आजींना अतिवृष्टीच्या अनुदानासाठी सातबारा हवा होता. त्यांनी विचारलं, "उद्या येऊ का रं बाबा, का उद्याची खेप बी वाया जाईल?" मला उत्तर देता आलं नाही.

माझं मत आता पक्कं झालंय. ज्या मशीनवर लोकांचं काम अडतं तिथं बाहेरून बांधलेला ड्रायव्हर नकोच. ज्याचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच आहे तेवढाच अडॅप्टर घ्यावा, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

लातूरकर

दादा, आजींचं वाचून वाईट वाटलं, पण मताशी असहमत. चूक बाहेरच्या ड्रायव्हरची नाही, तो बसवण्याच्या पद्धतीची आहे. नुसतं 'मेक' मारलं की तो ड्रायव्हर त्या एकाच कर्नलपुरता बनतो. कर्नल बदलला की संपलं. डीकेएमएस या साधनातून बसवला असता तर नवीन कर्नलबरोबर तो आपोआप पुन्हा बांधला गेला असता.

मी कॉलेजची लॅब सांभाळते. डेबियन १२ वर (तेही लिनक्सच) असे अकरा डोंगल दोन वर्षांपासून चालू आहेत. आणि "आतला ड्रायव्हर असलेलाच घ्या" हे बोलायला सोपं आहे. औसा, निलंग्याच्या दुकानात जाऊन चिप विचारून बघा. दुकानदार डबा पुढे करतो, डब्यावर चिपचं नाव नसतं. एकाच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळीच चिप निघते. जे मिळतं ते चालवता आलं पाहिजे, नाहीतर लिनक्स फक्त पुण्या-मुंबईच्या लोकांनी वापरायचं का?

बीडकर

भांडण नंतर, आधी डोंगल बघू. सेलूकर दादा, तुमच्या गोष्टीत एक धागा सुटतोय. या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे! आरटीडब्ल्यू८८ नावाचा. त्यात यूएसबीचा आधार ६.२ मध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२३ ला आला. तुमच्याकडे ६.१४ आहे. बाहेरचा मेला तरी आतल्यानं उठायला हवं होतं. उठला नाही, म्हणजे त्याला कुणीतरी दाबून ठेवलंय.

ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये बघा. दोन ड्रायव्हर एकाच डोंगलवर झगडू नयेत म्हणून बाहेरचा ड्रायव्हर बसवताना तिथं एक फाइल टाकली जाते, तिच्यात आतल्याला 'ब्लॅकलिस्ट' केलेलं, म्हणजे चालू व्हायला बंदी घातलेली असते. ड्रायव्हर गेला, फाइल राहिली, म्हणून दोन्ही बंद. फाइल काढा, रीबूट करा. तोवर अडलं तर मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाईलचं नेट संगणकाला मिळेल, मिंटला त्यासाठी वेगळं काही लागत नाही. किंवा मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या यादीच्या ॲडव्हान्स्ड मेनूतून जुना ६.८ निवडा. आजींना परत पाठवायची वेळ येणार नाही.

आणि लातूरकर ताई, तुमची अकरा डोंगल टिकली याचं श्रेय एकट्या डीकेएमएसला देऊ नका. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे आणि तो दोन वर्षांत ६.१ वरून हललेलाच नाही. मिंटवर कर्नलची मालिकाच बदलते. कर्नलच्या आतली फंक्शनं बदलली की डीकेएमएसचं बांधकाम अर्ध्यात कोसळतं, आणि ते बहुतेकांना रीबूटनंतरच कळतं.

लातूरकर

६.१ चा मुद्दा मान्य. पण तोच माझ्या बाजूनं पण जातो की! आतला ड्रायव्हर ६.२ ला आला, माझा कर्नल ६.१. मग माझ्या लॅबला बाहेरचा सोडून दुसरा रस्ता कोणता होता? पोरांची प्रॅक्टिकल थांबवायची का?

आणि दादांनी लिहिलंय की ६.८ वर दहा-पंधरा मिनिटांनी नेट तुटायचं. तेव्हा तर आतलाच ड्रायव्हर चालू होता. म्हणजे 'आतला' म्हटलं की भरवशाचा, असंही नाही.

अंबाजोगाईकर

मला तुम्हा दोघांचंही पटत नाही. सेवा केंद्राला वायफाय लागतंच कशाला? माझं दुकान जुन्या माळवदाच्या घरात आहे. भिंत दोन हात जाड, दगड-मातीची. राउटर आतल्या खोलीत होता, भिंतीपलीकडं डोंगलला एक दांडी यायची. ड्रायव्हर बदलून बदलून थकलो, शेवटी खिडकीच्या चौकटीतून लॅनची वायर ओढली. शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. संगणक जागचा हलत नसेल तर पहिली वायर, मग बाकीचं.

सेलूकर

बीडकर भाऊ, फाइल होती! 'ब्लॅकलिस्ट'ची एकच ओळ, बाकी काही नाही. काढली, रीबूट केलं, चिन्ह परत आलं. मात्र नेट अधूनमधून तुटतच होतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) डोंगल सुटल्याचं काही दिसत नाही, नुसतं कनेक्शन लोंबकळतं.

बीडकर

मग पॉवर सेव्हिंग बघा. नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये एक फाइल आहे, तिच्यात वायफाय.पॉवरसेव्ह समोर ३ असेल. तो २ करा, म्हणजे डोंगल झोपणार नाही. आणि डोंगल निळ्या पोर्टात असेल, शेजारी हार्ड डिस्क असेल, तर तिथून काढा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच पडतो, इंटेलनं २०१२ मध्ये मोजून दाखवलंय. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल वर टांगा.

सेलूकर

दोन्ही केलं. डोंगल आता भिंतीवरच्या खिळ्याला टांगलाय. तीन दिवस झाले, एकदाही तुटलं नाही.

लातूरकर ताई, ६.८ वर आतलाच ड्रायव्हर चालू होता हे तुमचं म्हणणं खरं निघालं, पण दोष असलाच तर झोपेचा आणि पोर्टाचा होता, आणि तो मी ड्रायव्हरवर ढकलून बाहेरचा आणला. पण म्हणूनच माझं मत बदलत नाही. कर्नलच्या आतला ड्रायव्हर बिघडला तर दुरुस्ती अपडेटमधून घरी येते. बाहेरचा बिघडला तर दुरुस्ती करणारा मीच, आणि ओट्यावर माणसं बसलेली. दुसऱ्या मशीनला मी एमटी७६१२यू चिपचा अडॅप्टर मागवतोय, त्याचा ड्रायव्हर २०१८ च्या ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे.

लातूरकर

जरूर मागवा. पण पार्सल आलं की डब्यावर विसंबू नका, एलएसयूएसबी ही आज्ञा मारून आत नक्की कोणती चिप आहे ते बघा. तीच निघाली तर इथं सांगा. लॅबच्या पुढच्या खरेदीत दोन टाकून बघीन. अकरा मात्र डीकेएमएसवरच राहतील.